जुने चर्चनेते अचानक समोर आले तर काय बोलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. नवरा अमेरिकेतल्या युटामध्ये मॉर्मन, म्हणजे तिथल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, घरात वाढला. चार वर्षांपूर्वी त्याने चर्च सोडलं. गेल्या महिन्यात किराणा दुकानात त्याचे जुने स्टेक प्रेसिडेंट समोर आले, म्हणजे चर्चच्या काही वॉर्डांचे (स्थानिक मंडळींचे) मिळून प्रमुख. त्यांनी खांद्यावर हात ठेवून ‘आता कोणत्या वॉर्डात आहेस?’ एवढंच विचारलं आणि हा बेचाळीस वर्षांचा माणूस चाचरायला लागला. हातातला कॉफीचा कप त्याने सॉसच्या बाटल्यांमागे सरकवला. आता पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे. तिथे हेच गृहस्थ असणार, शिवाय मुलीच्या आईकडच्या आजोबांच्या जुन्या ओळखीतून चर्चच्या सर्वोच्च नेत्यांमधल्या बारा प्रेषितांपैकी एक जण येणार अशी घरात कुजबुज आहे. ‘त्याने काय बोलावं? आणि मी काय करू?’ असं तुम्ही विचारलंत.

आधी माझ्याबद्दल. मी नाशिकची, सॉल्ट लेकच्या खोऱ्यात अठरा वर्षं समुपदेशन करते. स्वतः कधीच मॉर्मन नव्हते. चहाशिवाय माझा दिवस उगवत नाही, त्यामुळे होण्याची शक्यताही नव्हती. १८३३ सालच्या एका प्रकटीकरणात ‘गरम पेयं’ वर्ज्य सांगितली आहेत आणि चर्च त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावतं. पण माझ्याकडे येणारे निम्मेअधिक लोक हे चर्च सोडलेले, नाहीतर उंबरठ्यावर एक पाय आत एक बाहेर करून उभे असलेले. जे कळलं ते त्यांच्याकडून. खाली त्यांच्या गोष्टी येतील, त्यात ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

तो कप लपवणं मला फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडे शाळा सोडून तीस वर्षं झालेला, स्वतः दोन पोरांचा बाप असलेला माणूस टपरीवर सिगारेट ओढत असतो. समोरून हेडसर येतात आणि हात आपोआप पाठीमागे जातो. सरांनी पाहिलेलं असतं, त्यांनी पाहिलंय हे यालाही कळलेलं असतं, तरी हात मागेच. डोकं सरांना घाबरत नसतं, हात घाबरतो. तुमच्या नवऱ्याला ‘तू एवढा का घाबरलास?’ असं विचारू नका. त्याच्याकडे त्याचं उत्तर नाही, आणि तो प्रश्न ऐकून त्याला दुसऱ्यांदा लाज वाटेल.

त्या हाताला ही सवय कशी लागली ते पाहा. मॉर्मन घरात आठव्या वर्षी बाप्तिस्मा होतो, त्याआधी बिशप, म्हणजे वॉर्डाचे प्रमुख, मुलाची मुलाखत घेतात. बाराच्या सुमारास बिशपांसमोर नियमित बसणं सुरू होतं. मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जाण्याआधी मुलाखत. टेंपलमध्ये (खास विधींच्या मंदिरात) जायचा परवाना दर दोन वर्षांनी नवा करायचा तर एक नाही, दोन मुलाखती: एक बिशप किंवा त्यांच्या सल्लागाराकडे, दुसरी स्टेक प्रेसिडेंसीतल्या कोणाकडे. प्रश्न ठरलेले. संदेष्ट्याला मानतोस का, मिळकतीचा पूर्ण दशमांश देतोस का, कॉफी, चहा, दारू, तंबाखू टाळतोस का, शरीरसंबंधांबाबतचा नियम पाळतोस का, टेंपलची अंतर्वस्त्रं सांगितल्याप्रमाणे घालतोस का. अल्पवयीन मुलं या मुलाखतींना बहुधा एकटीच बसत. २०१८ मध्ये चर्चने जाहीर केलं की मुलाला हवं असेल तर दुसरं मोठं माणूस सोबत बसू शकेल. या मुलाखतींविरुद्ध मोहीम चालवणारे सॅम यंग स्वतः माजी बिशप होते. त्यांना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चर्चमधून काढण्यात आलं.

म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या आयुष्यात कोट-टाय घातलेला एक प्रौढ पुरुष विचारत आला आणि तो उत्तर देत आला. उत्तर बरोबर आलं तर हसून पाठीवर थाप, चुकलं तर आत काहीतरी बंद. दुकानात तेच पुन्हा झालं. ‘आता कोणत्या वॉर्डात आहेस?’ ही वरवर साधी चौकशी. (मुंबईकरांना वॉर्ड म्हटलं की महापालिका आठवते. इथे वॉर्ड म्हणजे नकाशावर हद्द आखलेल्या वस्तीतली मंडळी, आणि असे काही वॉर्ड मिळून एक स्टेक.) पण तुम्ही कुठे राहता यावरून वॉर्ड आपोआप ठरतो, त्यामुळे या प्रश्नाचा आतला अर्थ ‘रविवारी येतोस का?’ असाच असतो. त्याने तो अर्थ बरोबर ऐकला. चाचरला तो म्हणून.

तेव्हा त्याला शिकायचंय ते एवढंच: मुलाखत संपलेली आहे. वाक्यं त्यातून येतील.

पहिली गोष्ट, भेट झाली की त्यानेच आधी विचारावं. ‘अरे वा, बऱ्याच दिवसांनी! गुडघा कसा आहे? नातवंडं किती झाली?’ यात लबाडी नाही. तीस वर्षं ओळखीच्या माणसाला आपण हेच विचारतो. फरक इतकाच की इथे प्रश्न त्याच्या बाजूने सुटतो आणि समोरचा उत्तर देऊ लागतो. निम्म्या भेटी इथेच संपतात, कारण समोरचेही अवघडलेले असतात. त्यांनाही काय बोलावं ते सुचलेलं नसतं, म्हणून ते वॉर्ड विचारतात.

तरी वॉर्ड विचारलाच तर: ‘आम्ही चर्चला जात नाही. तुम्ही भेटलात, बरं वाटलं.’ बस. हे तो अर्थात इंग्रजीतच बोलणार, पण तिथेही दोन शब्द कटाक्षाने टाळायचे. एक ‘सध्या’. ‘सध्या जात नाही’ म्हटलं की समोरच्याच्या मनात पुढच्या भेटीची तारीख पडते, आणि महिन्याभरात कोणीतरी कुकीजची प्लेट घेऊन दारात उभं राहतं. दुसरा शब्द ‘कारण’. ‘जात नाही, कारण...’ असं म्हणताक्षणी मुलाखत पुन्हा सुरू झाली. कारण दिलं की ते तपासलं जातं, तोललं जातं, त्याचं निरसन केलं जातं. तुमचा नवरा हुशार आहे, त्याने खूप वाचलंय असं तुम्ही लिहिलंय. अशा लोकांना मी जरा जास्तच बजावते. चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या बायका, शंभर अब्ज डॉलर्सचा गुंतवणूक निधी, २०२३ साली अमेरिकी बाजार नियामकाने चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला मिळून केलेला पन्नास लाख डॉलर्सचा दंड, हे सगळं खरं आहे आणि नोंदलेलं आहे. पण ते तिथे पेरूच्या राशीशेजारी काढलं की तो पुन्हा खुलासाच देत असतो, फक्त आवाज चढवून.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं की गप्प बसलेल्या माणसाला धारदार वाक्य दिलं की त्याला बळ येईल. एका अशीलासाठी आम्ही दोघांनी मिळून असं एक वाक्य घासूनपुसून तयार केलं. फार नेमकं होतं, मला त्याचा अभिमानही वाटला होता. काही आठवड्यांनी हार्डवेअरच्या दुकानात त्याचे जुने बिशप भेटले आणि त्याने ते फेकलं. म्हातारे गृहस्थ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘माझी बायको आता मला ओळखत नाही रे. तुला पाहिलं, वाटलं कोणीतरी ओळखीचं भेटलं.’ हा माणूस पुढे दीड महिना झोपला नाही. वाक्य खोटं नव्हतं. पण ते ज्या अधिकाऱ्यासाठी बनवलं होतं तो अधिकारी त्या दुकानात नव्हताच. होता तो नळाचा वॉशर शोधणारा एक शेजारी. तेव्हापासून मी कोणाला तयार टोमणे देत नाही.

बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो, हे आपल्याकडच्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. दातांचा डॉक्टर, विमा विकणारा, शाळेतला शिक्षक, असा कोणीतरी साधारण पाच वर्षं बिनपगारी बिशप होतो आणि मग पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसतो. स्टेक प्रेसिडेंट साधारण नऊ वर्षं. तुमच्या नवऱ्याला विशीत कडक प्रश्न विचारणारा माणूस तेव्हा स्वतःच अडतीस-चाळिशीचा, कसलंही प्रशिक्षण नसलेला असण्याची शक्यता मोठी. हे सांगते ते माफ करा म्हणून नाही. समोरच्याचं माप बरोबर दिसावं म्हणून सांगते.

उलट टोकाचीही माणसं पाहिली आहेत. एक बाई इतक्या सभ्य की पार्किंगमध्ये भेटलेल्या बिशपांना ‘हो, येते ना भेटायला’ म्हणाल्या आणि मंगळवारी साडेसातला खरंच त्यांच्या ऑफिसात जाऊन बसल्या. बुधवारी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. त्यांच्याकडून एवढंच वाक्य पाठ करून घेतलं: ‘नको, पण विचारलंत त्याबद्दल आभार.’ तीन आठवडे त्या ते गाडीत एकट्या असताना मोठ्याने म्हणत होत्या. मनात म्हणून उपयोग नाही. जिभेला वळण लागावं लागतं, मंत्रासारखं. तुमच्या नवऱ्यालाही लग्नापर्यंत हेच करायला सांगा. दोन वाक्यं, रोज, मोठ्याने. तुम्ही स्टेक प्रेसिडेंटची भूमिका करा. हसायला येईल, येऊ दे.

आता ‘कोणी दुखावलं का रे तुला?’ या प्रश्नाबद्दल. हा येणारच. यामागे जवळजवळ दोनशे वर्षांची एक गोष्ट आहे आणि ती माहीत असली की प्रश्नाचा दंश निम्मा होतो. चर्चच्या बारा प्रेषितांचे पहिले अध्यक्ष थॉमस मार्श १८३८ मध्ये मिझुरीत असताना चर्चपासून फुटले. पुढे व्यासपीठांवरून सांगितली गेलेली कथा अशी: मार्शबाई आणि शेजारीण यांनी चीज करायला दूध एकत्र करायचं ठरवलं होतं. गाईच्या शेवटच्या धारांचं दूध सर्वांत दाट असतं, आपल्याकडे गवळी ज्याला निपटून काढलेलं म्हणतात, ते मार्शबाईंनी बाजूला ठेवलं. भांडण पंचांपर्यंत, तिथून वर वर गेलं, निकाल विरुद्ध गेला, आणि मार्श रागावून चर्च सोडून गेले. वाटीभर दाट दुधापायी प्रेषितपद! कथा अशी झकास की पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. मार्शने मात्र ऑक्टोबर १८३८ मध्ये जे प्रतिज्ञापत्र केलं त्यात दुधाचा विषय नाही. त्या दिवसांत मॉर्मन आणि मिझुरीकर एकमेकांवर उठले होते, गॅलटिन गाव लुटलं-जाळलं गेलं होतं, आणि त्यात आपल्याच लोकांनी काय केलं हे त्याला बोचत होतं.

सोडून जाणाऱ्याचं कारण क्षुल्लक असतं, हा समज त्या दुधातून असा विरजत गेला. प्रेषित डेव्हिड बेडनार यांनी २००६ मध्ये सर्वसाधारण परिषदेत सांगितलं की दुखावून घेणं ही आपणच केलेली निवड असते. म्हणून ‘हो, दुखावलं’ म्हटलं तर तुमचा नवरा मार्श ठरतो, आणि ‘नाही’ म्हटलं तर ‘मग काय अडलंय?’ हा पुढचा प्रश्न तयार. माझ्या एका अशीलाने यावर जे उत्तर काढलं ते मी आजवर ऐकलेलं सर्वांत चांगलं. २०१३ मध्ये तेव्हाच्या प्रथम अध्यक्षमंडळातले (चर्चचे अध्यक्ष आणि त्यांचे दोन सल्लागार) डीटर उख्टडॉर्फ परिषदेत म्हणाले होते की, लोक दुखावले म्हणून, आळशी म्हणून किंवा पापी म्हणून सोडून जातात असं आपण धरून चालतो, पण ते इतकं सोपं नसतं. हा माणूस शांतपणे म्हणायचा, ‘एल्डर उख्टडॉर्फ म्हणाले होते ना, इतकं सोपं नसतं, तसंच काहीसं.’ समोरच्याला आपल्याच प्रेषिताचं म्हणणं खोडता येत नाही. आणि पुढे तो लगेच हवामानावर यायचा. (त्याच भाषणातलं ‘विश्वासावर शंका घेण्याआधी आपल्या शंकांवर शंका घ्या’ हे वाक्यही प्रसिद्ध आहे. ते उलट अंगावर येऊ शकतं. आलं तर हसून सोडून द्यावं.)

संबोधनाचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण मराठी माणसाला तो लगेच कळेल. इंग्रजीत तू-तुम्ही नाही, पण मॉर्मन बोलीत आहे: ‘बिशप’, ‘प्रेसिडेंट’, ‘एल्डर’. पद गेलं तरी लोक आयुष्यभर ‘बिशप’ म्हणत राहतात, आपल्याकडे निवृत्त मास्तर ‘सर’च राहतात तसं. पहिल्या नावाने हाक मारणं म्हणजे अरेतुरे करणं. काही जण ते मुद्दाम करतात आणि त्यांना हलकं वाटतं. काहींच्या तोंडून ते निघतच नाही आणि मग ते स्वतःला भित्रे समजतात. मी म्हणते, ‘मिस्टर’ लावून आडनाव घ्या, नाहीतर काहीच घेऊ नका. नुसत्या ‘नमस्कार, कसे आहात’ला नाव लागत नाही. तसंच ‘मॉर्मन’ हा शब्द. चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये सांगितलं की हे टोपणनाव वापरू नये, ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं पूर्ण नाव घ्यावं. सोडलेले लोक अजून ‘मॉर्मन’च म्हणतात. वाद नको असेल तर नुसतं ‘चर्च’ म्हणा, पाच मिनिटांची दुरुस्ती वाचते.

आणखी एक व्यावहारिक बाब. जुन्या नेत्याला सांगितलेली घरची बातमी ही खासगी राहील असं धरू नका. वॉर्ड काउन्सिलच्या बैठकीत कोणाला मदतीची गरज आहे, कोण दुरावलंय यावर बोलणं होतं, बहुतेक वेळा खऱ्या आपुलकीने. पण ‘त्याची नोकरी गेली म्हणे’ हे वाक्य तिथून तुमच्या सासूबाईंपर्यंत रविवारच्या आत पोचतं. तब्येत, पैसा, मुलांचं काय चाललंय, नवरा-बायकोचं कसं आहे, यातलं काहीही दुकानात नको. आपल्या जातपंचायतींसारखं वाळीत टाकायचं फर्मान इथे निघत नाही. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला, तसा प्रकार युटात नाही. इथे दुरावा येतो तो काळजीच्या रूपाने. प्रत्येक जण तुमच्यासाठी दुःखी असतो. त्या दुःखाशी भांडताही येत नाही, हाच तर त्रास.

आता प्रेषित. इथे माझा सल्ला वेगळा आहे, कारण माणूस वेगळा आहे. बिशप धोरण ठरवत नाही, वरचे पंधरा जण ठरवतात: अध्यक्ष, त्यांचे दोन सल्लागार आणि बारा प्रेषित. त्यांच्या शब्दाने घरं हलली आहेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये नियम आला की समलिंगी विवाह केलेले सभासद धर्मत्यागी समजले जातील आणि अशा जोडप्यांसोबत राहणाऱ्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत बाप्तिस्मा मिळणार नाही. एप्रिल २०१९ मध्ये तो मागे घेतला गेला. एका आईला त्यांच्यापैकी एक जण सार्वजनिक कार्यक्रमात हस्तांदोलनाच्या रांगेत भेटले. ती एवढंच म्हणाली, ‘माझा मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा तुमचा तो नियम होता. आता तो बारा वर्षांचा आहे आणि विचारत नाही.’ आणि ती पुढे सरकली. त्यांनी उत्तर दिलं की नाही हे तिला आठवतही नाही. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, पाकीट टपालपेटीत टाकल्यासारखं.

प्रेषितासमोर बोलायचंच असेल तर ते असं असावं. एक वाक्य, स्वतःच्या घरातलं, खरं, आणि प्रश्न नसलेलं. प्रश्न विचारला की उत्तराची वाट पाहावी लागते, आणि उत्तर गोड, मोघम, शेवटी साक्षीवर येणारं असतं: ‘हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे.’ त्याला प्रतिवाद नसतो. माफी तर मागूच नका, म्हणजे त्यांच्याकडून मिळेल अशी आशा धरू नका. २०२५ पासून अध्यक्ष असलेले डॅलिन ओक्स २०१५ मध्ये एका मुलाखतीत उघडच म्हणाले होते की माफी मागणं किंवा मागायला लावणं ही चर्चची रीत नाही. ते वकील, युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले, शब्द तोलून वापरणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण त्याचा एक उपयोग होतो. मिळणार नाही हे कळल्यावर माणूस त्या दाराशी बसून राहत नाही.

पण हे बोलणं पुतणीच्या लग्नात नको. तिथे नवरी ती आहे. सोडून गेलेल्यांबद्दल एक जुनी म्हण आहे, हे लोक चर्च सोडतात पण चर्चचा पिच्छा सोडत नाहीत. ती मला अन्यायाची वाटते, कारण ज्याचं बालपण, लग्न, शेजार, नोकरी सगळं तिथलं, त्याने पिच्छा सोडायचा म्हणजे नक्की काय सोडायचं? तरी त्या संध्याकाळी ती म्हण खरी करून दाखवायची काही गरज नाही. त्याला सांगायचंच असेल तर पत्र लिहावं, त्यासाठी वेगळा दिवस आहे.

एक अपवाद सरळ सांगते. समोरच्या नेत्याने लहानपणी नको ते प्रश्न विचारले असतील, अंगाला हात लावला असेल किंवा घरातल्या अत्याचाराची माहिती असून गप्प बसवलं असेल, तर वरचं काहीच लागू नाही. सभ्यतेचं देणं नाही, वाक्याचंही नाही. पाठ फिरवून निघून जाणं हे पूर्ण उत्तर आहे. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण नवऱ्याला एकदा शांतपणे विचारा. बेचाळीसचा माणूस नुसत्या अवघडलेपणाने कप लपवतो, हे बहुधा खरं असतं. नेहमीच नसतं.

तुम्ही काय करायचं? तुमच्याजवळ एक मोठी सोय आहे, मराठी. मिशनवर जाऊन आलेल्यांमुळे युटात कोण कोणती भाषा बोलेल याचा नेम नाही. लिफ्टमध्ये अस्खलित तमिळ बोलणारा सोनेरी केसांचा मुलगा मला भेटलाय. मराठी शिकून आलेला मात्र अजून एकही नाही. तेव्हा दोघांमध्ये एक वाक्य ठरवा. ‘चल, उशीर होतोय’ पुरे. ते ऐकलं की त्याने कुठल्याही वाक्याच्या मध्यावर निघायचं, आणि निघण्याचा दोष तुमच्यावर. त्याच्या वतीने उत्तरं मात्र देऊ नका. ‘आम्ही ना, खूप विचार करून...’ असं तुम्ही सुरू केलंत की मुलाखत तुमची सुरू. मोर्चा तुमच्याकडे वळेलच: ‘भारतातल्या का? बेंगळुरूला आमचं टेंपल होतंय, माहीत आहे?’ बेंगळुरूच्या टेंपलची घोषणा २०१८ मध्ये झाली तेव्हापासून मला हे किती वेळा ऐकायला मिळालं त्याचा हिशेब नाही. ‘हो, ऐकलंय’ म्हणून साडीच्या किमतीवर या. लोकांना त्यात खरंच रस असतो.

लग्नाच्या दिवसाचं. टेंपलमधल्या विधीला परवाना नसलेल्यांना प्रवेश नाही, म्हणजे तुम्ही दोघंही बाहेर बागेत असणार. पूर्वी आधी नोंदणी विवाह केला तर टेंपलमधल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागायचं, त्यामुळे कित्येक आईबाप बाहेर ताटकळले. मे २०१९ मध्ये ती अट गेली. काही घरं आता सगळ्यांसाठी छोटा वेगळा समारंभ करतात, तुमच्या जावेला विचारून बघा. बाहेर थांबायचं असेल तर नवऱ्याला एकट्याला ठेवू नका. त्या बाकांवर बसून त्याच्यासारख्यांना सगळं आठवतं. संध्याकाळचं रिसेप्शन बहुधा चर्चच्या इमारतीतल्या हॉलमध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या कोर्टावर. दोन्ही टोकांच्या बास्केटवर पडदे टाकून, दिव्यांच्या माळा सोडून सजवतात. प्यायला रूट बिअर (नावालाच बिअर, त्यात दारू नसते) आणि लिंबू सरबत. त्याच्या एका हातात पेला आणि दुसऱ्यात ताटली राहू द्या. इथल्या पुढाऱ्यांचं हस्तांदोलन दोन्ही हातांचं असतं, एकदा हात धरला की बोलणं संपेपर्यंत सुटत नाही. दोन्ही हात भरलेले असले की मान हलवून भागतं.

स्टेक प्रेसिडेंट भेटले की आधी त्यानेच बोलावं, नातवंडांचं विचारावं, मग ठरलेलं वाक्य. प्रेषित आले तर बहुतेक त्यांच्याभोवती गर्दी आणि सुरक्षारक्षक असतील, गाठ पडणारही नाही. पडलीच तर ‘नवरी छान दिसतेय ना?’ हे प्रेषिताशी बोलायला पुरेसं वाक्य आहे. आणि गाडी अगदी बाहेरच्या रांगेत, तोंड रस्त्याकडे करून लावा. रिसेप्शनच्या दिवशी लोक मागे आडव्या गाड्या लावून ठेवतात, मग निघायचं म्हटलं की कोणाची गाडी आहे ते माइकवरून विचारावं लागतं.